कापसाची प्रत

"साहेबांनी आपल्याला फसवलं, आबा. सरळ फसवलं!"

अमळनेरच्या स्टँडवर पासाच्या रांगेत प्रमिलाबाईंच्या पुढे अनोळखी बापलेक उभे होते.

"हळू बोल, हेमांगी. पहिली नोकरी शे तुझी."

"शिकाऊ आहे मी. साहेब म्हणाले, तुझे आबा जिनिंग मिलमध्ये कापसाची प्रत ठरवतात ना, त्यांना विचारून प्रोग्राम लिही."

"मग? बठ्ठं, सगळं सांगितलं की मी."

"तोच प्रोग्राम तुमच्या शेठला विकला. सोमवारपासून तुम्ही घरी."

"माझ्यासारखीच प्रत सांगतो तो?"

"हुबेहूब."

"म्हणजे चांगलं शिकवलं मी. तुझी नोकरी तरी पक्की झाली?"

"सध्या पक्की. पुढे प्रोग्रामही मशीनच लिहिणार म्हणतात."

रांग सरकली. प्रमिलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मग तुझ्या आईला आधी काय सांगायचं? तुझी नोकरी पक्की झाली, का माझी गेली? बोल ना!"