ती रोज नमाजाला येते

(विजीच्या घराचा ओटा. रुकायाह, सगळ्यांच्या 'बू' म्हणजे मावशी, हातातली बाटली खाली न ठेवता उभ्या आहेत.)

विजी : बसा की, बू. चावत नाही मी.

रुकायाह : जामू आणलंय, न्दुक, माझ्या पोरी. हळद-चिंचेचं. सकाळीच वाटलं, ताजं आहे. पोटाला बरं पडेल.

विजी : नोकरीवरून काढलेल्या पोटाला चालतं ना?

रुकायाह : बोल गं, बोल. सगळं बोलून घे. त्यासाठीच आले.

विजी : मला वाटलं, जामू द्यायला आलात.

रुकायाह : काल कामगार संघटनेची निंग आली होती. म्हणाली, मंगळवारी कामगार खात्यात विजीची सुनावणी आहे आणि कंपनीनं साक्षीला तुमचं नाव दिलंय. माझी तर पाचावर धारण बसली. मी कसली साक्षीदार! फॅक्टरीचं नमाजघर झाडणारी, बायकांचे नमाजाचे पांढरे झगे धुणारी बाई मी.

विजी : आणि कोण आलं, कोण नाही, ते वर कळवणारी.

रुकायाह : हो. तेपण.

विजी : अरेच्चा, कबूल? मला वाटलं, कानावर हात ठेवाल.

रुकायाह : कुठल्या तोंडानं ठेवू? सुपरवायझर बाई मला म्हणाल्या, पाळीची रजा मागणाऱ्या पोरींना दवाखान्यात पडद्यामागे नेऊन तपासावं लागतं, मेल्याहून मेल्यासारखं होतं त्यांना. त्यापेक्षा, बू, पाळीत कुणी नमाज पढत नाही, तुम्ही नुसतं सांगत जा कोण येतं ते. मला वाटलं, बरं झालं बाई, त्या पडद्यातून सुटल्या पोरी. पुण्याचं काम समजून केलं गं.

विजी : कसल्या सुटल्या! पुरुष डोकं दुखतं म्हणून घरी जातात, त्यांचं डोकं उघडून बघतं का कुणी? आमचीच तेवढी पारख. आधी पडद्यामागे, मग देवाच्या दारात.

रुकायाह : आता तर पोरी फिरकतच नाहीत. रजा मागायची असली की आधीपासूनच टाळतात. दुपारी निम्मे झगे घडी न मोडता तसेच पडलेले असतात. माझ्या जिभेनं नमाजघर ओस पाडलं.

विजी : नमाजघराचं राहू द्या. माझं काय सांगितलंत?

रुकायाह : ठाऊक आहे की तुला.

विजी : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

रुकायाह : बाईंनी विचारलं, विजी पाळीची रजा मागतेय, ती नमाजाला येते का? मी म्हटलं, विजी ना? ती रोज नमाजाला येते. एक दिवस चुकवत नाही. कौतुकानं बोलले गं, देवाशपथ.

विजी : तुमच्या कौतुकापायी मी खोटारडी ठरले. खोटं सांगून रजा मागितली म्हणून हाकललं मला. नोकरीबरोबर कंपनीचा विमा गेला, विम्याबरोबर ऑपरेशन गेलं. पोटातली गाठ काय कौतुकानं विरघळणार आहे?

रुकायाह : चुकलं माझं.

विजी : आणि रक्त जात असताना मी नमाजाला का येत होते, बू? कुणी सांगितलं होतं मला?

रुकायाह : नको ना, न्दुक.

विजी : कुणी?

रुकायाह : मी. तू रडत आली होतीस. बू, पाळी थांबतच नाही, नमाज चुकतोय, पाप लागेल का? मीच म्हटलं, अगं वेडे, एवढं लांबलं म्हणजे ही पाळी नव्हे, हे आजाराचं रक्त. याला नमाज माफ नाही. स्वच्छ धू, कापड बदल, हात-तोंड-पाय धुऊन वजू कर आणि ये खुशाल.

विजी : आणि दवाखान्यातली नर्स म्हणाली, बायकांचं दुखणं ना, मग पाळीचीच रजा माग. दोघींचं ऐकलं मी. हे तुम्हाला माहीत होतं.

रुकायाह : होतं.

विजी : मला गेटाबाहेर काढलं तेव्हा तुम्ही झगे वाळत घालत होतात. माझ्याकडे बघितलंत आणि पाठ फिरवलीत.

रुकायाह : भ्याले गं. या वयात मला दुसरं कोण ठेवणार? घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. म्हटलं, मिटेल आपोआप. म्हणजे, तसं वाटत नव्हतंच, मनाची समजूत घातली नुसती. आता कपाळ जमिनीला टेकलं की तुझंच तोंड समोर येतं.

विजी : मग, माफ केलं म्हणू? म्हणजे सुटाल.

रुकायाह : नको म्हणूस.

विजी : म्हणणारही नाही. मंगळवारी काय सांगणार आहात?

रुकायाह : बाईंनी पढवून ठेवलंय. 'ती रोज नमाजाला येते', एवढंच बोलायचं. पुढचं विचारलं तर 'मला माहीत नाही'. तसं नाही बोलले तर उद्यापासून येऊ नका, म्हणाल्या.

विजी : पहिलं वाक्य तर खरंच आहे की.

रुकायाह : तिथंच तर फसले. खोटं बोलायला सांगितलं असतं तर जीभ अडखळली असती माझी. खरं होतं, म्हणून सुटलं तोंडातून.

विजी : अजान झाली. घरी पोचेपर्यंत वेळ निघून जाईल तुमची, इथंच पढा. झगा आहे जास्तीचा.

रुकायाह : आणि तू?

विजी : मी धुऊन, वजू करून येते. थांबलेलं नाही अजून.

रुकायाह : अजून पढतेस? मी असं वागल्यावरही?

विजी : नियम देवाचा आहे. तुमच्याकडून कळला, एवढंच.

रुकायाह : विजी, ऐक. मंगळवारी मी तेच वाक्य बोलेन. ती रोज नमाजाला येते. आणि कुणी विचारायच्या आधी पुढचंही सांगेन, तिला आजारपणात यायला मीच सांगितलं होतं, आणि तिचं रक्त जातंय हे मला माहीत होतं.

विजी : नोकरी जाईल.

रुकायाह : जाईल. निंगला म्हणावं, मला घ्यायला ये. एकटी निघाले तर अर्ध्या वाटेतून माघारी फिरेन मी, माझा भरवसा नाही.

विजी : मी येईन घ्यायला.

रुकायाह : तू? एवढ्या दुखण्यात कशाला गं?

विजी : रिकामी बाटली परत द्यायचीच आहे.