नऊ मासे आणि पंपाचं बटण

—नाही नाही, टाकीकडे मग जाऊ, मॅडम, आधी चहा घ्या. अहो, मासे कुठे पळून जातायत! फोनवर म्हणालो ना मी, सगळे मजेत — म्हणालो होतो. बसा तरी. प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मामा, महिनाभर तुमच्या घरी ठेवा, तुमच्याइतकं कोण जपणार? बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं तिथल्या काचा धुतल्या, पण असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. बोटाच्या पेराएवढे नऊ मासे, अंगावर पिवळे पट्टे — आणि तोरा काय! पंपाच्या धारेकडे तोंड करून दिवसभर दगडाला चिकटलेले. ओढ्यातले ना, पाणी वाहायचं थांबलं की यांचा जीव जातो — हे मला शिकवायला नको, दरवर्षी नव्या पोरांना मीच सांगतो.

आतल्या खोलीत बाबा असतात. नव्वदीला आलेत, कालचं आठवत नाही, पण लहानपणीचा पूर आठवतो — त्यात त्यांची आई वाहून गेली. पंपाचा आवाज आला की उठून बसतात, 'पाणी आलं, आईला उचला!' रात्रंदिवस तेच. टाकी स्वयंपाकघरात नेली, पंपावर चादर टाकली, दार लावलं — काही उपयोग नाही. आठ दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा नाही, माझ्याही नाही. मग मंगळवारी दुपारी बटण बंद केलं. फार तर अर्धा तास, म्हटलं. बाबा लगेच झोपले हो, किती दिवसांनी — आणि त्यांचे पाय चेपता चेपता मीही तिथेच लवंडलो. उठलो तेव्हा पाच वाजले होते.

काय बघणार, मॅडम? एक राहिलाय. खातो-पितो, बरा आहे. दुसरे आणावेत तर त्या ओढ्यावर धरण झालं, तिथलंही पाणी आता उभंच — तुम्हीच सांगितलंत. शिव्या द्या मला, हव्या तेवढ्या. मी मुद्दाम नाही केलं — म्हणजे, बटण मुद्दामच बंद केलं.

ऐकलंत? उठले. आलो, बाबा, आलो! तुम्हीच सांगा, पंप चालू ठेवू की — नको, काही सांगू नका. डबा आणलाय ना? तेवढा एक घ्या आणि निघा. लवकर निघा, मॅडम, माझा हात बटणाकडेच जातोय.