अद्रकीचा मान

सिडको बसस्टँडवर देवगाव रंगारीच्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढं दोघं उभे होते. अद्रकीचे व्यापारी रहीमचाचा आणि त्यांच्या मार्केट यार्डाचं सॉफ्टवेअर लिहिणारा शिवम.

“चाचा, जावा म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. तिच्यात मालाच्या अशा यादीला एनम म्हणतात. त्यातला प्रत्येक माल आत एकदाच तयार होतो. बाहेरून नवा करता येत नाय.”

“बरं.”

“अन् ज्या जागेवर नाव लिहिलं, तोच त्याचा नंबर. शून्य कापूस, एक कांदा, दोन मका. मी नोंदीत नाव ठेवलंच नाय, नुसता नंबर ठेवला.”

“मग बिघडलं काय?”

“तुम्ही म्हणले, आमची अद्रक घाल. मी घातली. सगळ्यात वर.”

“वर कामून?”

“तुमच्यामुळं काम मिळालं, चाचा. तुमचा मान नको का?”

“या अल्ला.”

“सगळे एकेक जागा खाली सरकले, नोंदीतले नंबर मात्र जुनेच राहिले. जुना कापूस अद्रक झाला, कांदा कापूस झाला. कांदेवाले कापसाच्या हिशोबाची पट्टी घेऊन यार्डाच्या गेटवर उभे हायेत.”

“मग काढ की माझी अद्रक!”

“काढली. तर मधल्या काळात आलेली खरी अद्रक कापूस झाली. आता शून्य दिसला की तो कुणाचा, मलाच कळंना.”

“तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता रे.”

“व्हय.”

“शेवटी घातली असती तर?”

“कुणाचंच काय बिघडलं नसतं.”

“मी रुसलो असतो. तेवढंच.”

गाडी लागली. कंडक्टरनं ओळखून हाक मारली.

“चाचा, या, पुढची सीट ठेवलीय तुम्हाला.”

“नको बाबा. आम्ही शेवटच्या सीटवर बसतो.”