पहिली मूठ

ठाण्याच्या कचेरीच्या ओसरीवर मी माझी पाळी येण्याची वाट पाहत होतो. शेजारी अर्ज लिहिणारे मधुसूदनपंत आणि बाळकुमची हौसाबाई बसली होती. मिठागरातल्या नव्या मिठाची पहिली मूठ जुन्या चालीप्रमाणे, सरकारी करासाठी वजन होण्याआधीच देवीला नेली, म्हणून तिच्या मुलाला, गुणाजीला, सरकारी शिपायांनी धरलं होतं.

"इंग्रजीत 'प्रायमीव्हल' चाल असं लिहितो, हौसाबाई."

"म्हंजे?"

"आदिम. सृष्टीच्या आरंभापासूनची."

"मंग जुनी लिवा की सरळ!"

"जुनी म्हटलं की साहेब साल विचारतो. पुरातन म्हटलं की पुरावा मागतो."

"आन आदिम म्हटलं की पोराला सोडतो?"

"निदान खूश होतो. रानटी लोकांच्या चालींचं साहेबाला फार कौतुक."

"रानटी कोनाला म्हनता? फाडा तो कागद! दुसरा घ्या. लिवा, आधी देवी, मंग सरकार."

"असं लिहिलं तर गुणाजी सुटायचा नाही."

"सुटंल. खाली लिवा, मूठ त्यानं नाय, त्याच्या आयशीनं उचलली. पोरानं माझ्यापायी आळ आपल्या अंगावर घेतलाय. आना ती लेखनी. ज्या हातानं मूठ उचलली, त्याच हातानं निशानी करते."