हरेश्वर हवालदाराची ड्युटी

न्हाय वैनी, तसा कागद मला देता येत न्हाय — बसा तुम्ही, पंख्याखाली बसा — उरणवरून रिक्षा करून आलात, आणि विनेशला बाहेर रिक्षातच ठेवलंत? व्हय, पायऱ्या. सहा पायऱ्या हायत आपल्या ठाण्याला, विसरलोच. मागं कुबड्या घेऊन चढला होता एकदा, तर सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले, आणि त्याला नेमकं तेच नको होतं. समजतं मला. तीस वर्षं खाकी घातलीय. कुणी कुठं उभं राहायचं ते हा हरेश्वर हवालदार ठरवतो — पण चौकशीत काय लिहायचं ते वरचे ठरवतात. त्यांनी लिहिलंय, विनेश फाट्यावरची जागा सोडून रस्त्यात गेला, ट्रेलरखाली पाय गेला, चूक त्याची. आता त्याला वायरलेसवर बैठं काम पाहिजे, तर आधी तो शेरा पुसला पाहिजे. बरोबर हाय तुमचं. पण मी काय करू?

किती तास उभा होता म्हणता? डायरीत सकाळी आठपासून हाय. — असं बघू नका माझ्याकडं. बरं, आदल्या दिवशी विसर्जनाचा बंदोबस्त होता, तिथनं तो घरी आलाच न्हाय, तुम्हाला काय सांगायचं, डबा तुम्हीच पाठवलेला. सव्वीस तास. मला फोन केला त्यानं — हवालदाराला मेजरच म्हणतात सगळे — मेजर, डोळ्यापुढं अंधारी येतेय, कुणाला तरी पाठवा. मी बोललो, माणूस न्हाय. नव्हताच ना माणूस! दोघं आजारी, चौघं कोर्टात — म्हणजे एक होता. होता एक, पण त्याला बरं नव्हतं.

कोण ते कशाला? ऐका ना. दोन वर्षांमागं त्याच फाट्यावर नवराबायको स्कूटरसकट ट्रेलरखाली आले. ह्या माणसानं त्यांना उचललं — उचललं कुठलं, गोळा केलं. तेव्हापासनं ट्रेलरनं ब्रेक मारला, ती हवा सुटते ना फुस्स करून, की ह्याची छाती आवळते, घाम फुटतो, हात असे हलतात — न्हाय, हे चहा जास्त झाला म्हणून. सांगायचं कुणाला? ताणमुक्तीचं शिबिर झालं होतं की. डोळे मिटा, लांब श्वास घ्या, मग फॉर्म भरा. झोप लागते का — हो. भीती वाटते का — नाही. मागच्यानं पुढच्याचं बघून लिहिलं. खरं लिहिलं की पिस्तूल जमा करून घेणार, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमधी पोरं बोलणार, येडा मेजर आला. आणि तेव्हाच माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं —

…

व्हय. माझ्याच.

त्या दिवशी फाट्यावर माझं नाव होतं, वैनी. साहेबांनी लावलेलं. साहेब मीटिंगला गेले आणि मी नाव खोडून विनेशचं लिहिलं. का? तर तो कुणाला न्हाय बोलत न्हाय. दुपारी बाराला त्याचा फोन आला, मी इथंच बसलेलो, ह्याच खुर्चीत. साडेबाराला दुसरा फोन आला, तो त्याचा नव्हता. मग दवाखान्यात पेज घेऊन आलो तर तुम्ही मला बोललात, मेजर, तुम्ही आहात म्हणून आधार हाय. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला ठाऊक हाय, वैनी. चौकशीत विचारलं तेव्हाही माझं नाव घेतलं न्हाय त्यानं. मी रोज वाट बघतो, आज घेईल, उद्या घेईल.

रडू नका. न्हाय, रडत न्हाय तुम्ही, बघताय नुसत्या. रडलात तर बरं होईल.

थांबा. हजेरीची वही ह्या कपाटात हाय. चावी… ही. हे पान बघा — खोडलंय, पण वाचता येतं, ह. रे. श्व. र. खालची सही माझी. मोबाइल काढा. फोटो घ्या, तारखेसकट घ्या. हललं का? परत घ्या. आणि हा कोरा कागद, ह्यावर लिहितो — सव्वीस तास, फोन आला होता, बदली माणूस मी दिला न्हाय. सही. तारीख. घ्या.

साहेबांची गाडी लागली बाहेर. पर्समधी टाका, उठा. न्हाय, मागच्या दारानं कशाला, पुढच्यानंच जा. आता एक शब्द बोलू नका माझ्याशी. माझं मन फिरायच्या आत जा, वैनी — जा म्हणतो ना!