पाचवा पिचर

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर ऑर्विल आणि त्याचा जुना पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, ड्युई बसले होते. पुढच्या मोसमात पाच पिचरांनी पाळीपाळीने एकेका सामन्यात सुरुवातीपासून चेंडू फेकायचा होता आणि त्यावरूनच दोघांची जुंपली होती.

"पहिला सामना माझा."

"पहिला हँकचा, दुसरा लोवेलचा."

"लोवेल? त्याचा चेंडू पोचेपर्यंत बॅटरचं जेवण उरकतं!"

"पोचतो तरी. तुझा शेवटचा हॉटडॉगच्या गाडीवर गेला."

"वारा होता, ऑर्विल!"

"तिसरा रेचा, चौथा क्लाइडचा."

"म्हणजे मी पाचवा? लाज वाटते का?"

"पाचवा मर्फीचा धाकटा. तू पोरांना शिकव."

"सरळ सांग ना, हाकललं म्हणून! माझा हात ठणठणीत आहे."

तेवढ्यात नर्सने हाक मारली. "ड्युई, कोट काढा आणि एक्स-रेला चला."

ड्युई उठला. उजवा हात खांद्यापर्यंतही जाईना. ऑर्विलने त्याची एकेक बाही ओढून कोट काढला.

दारापाशी ड्युई थांबला.

"मर्फीच्या पोराला चेंडू धरताच येत नाही. पाठव माझ्याकडे."

"पाठवतो. पण शिव्या देऊ नकोस."

"मग शिकवू कशाने?"