विमानाखाली खुर्ची नको

लिहून घ्या सगळं, पण आधी ती खुर्ची इकडे घ्या. अजून, पार भिंतीला लावा, ह्या टांगलेल्या विमानाच्या खाली नको. हसा तुम्ही, सगळेच हसतात, ह्या वाचनालयाच्या बाई तर रोज हसतात, पण काय सांगू तुम्हाला, मी जन्माचा भित्रा. आमचं मूळ गाव कुडाळकडचं, बाप सुतार, आजा सुतार. आमच्याकडे बांबू तोडायचा तो काळोख्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडला की त्याला भुंगा लागतो, म्हणजे बारीक किडा, तो आतून सगळा बांबू खातो आणि बाहेर नुसती पांढरी पूड पडते, पिठासारखी. मी लहान होतो, वादळात छपराचा कोपरा उडालेला, तर बापाने घाईघाईत चांदण्यातलाच बांबू आणून घातला. पुढे एक दिवस आई धाकट्याला पाळण्यातून उचलून चुलीकडे गेली आणि पाठीमागे छप्पर आलं खाली, सगळं पाळण्यात. आई गो! अजून अंगावर काटा येतो, बघा हात. आणि त्याआधी कित्येक दिवस पाळण्यावर पूड पडत होती, आई ती पदराने झटकायची, ते मी बघितलेलं. तेव्हापासून मी वर बघितल्याशिवाय कुठे बसत नाही.

डोंबिवलीला मामाबरोबर आलेलो, तेव्हापासून लोकांची किचनं केली, कपाटं केली, सगळं प्लायवुड आणि सनमायका, बांबूचा संबंधच नाही. काम थांबवलं, घरी बसलो, तर ह्या बाई आल्या. म्हणाल्या काका, हॉलमध्ये टांगायला विमान कराल का, अगदी सुरुवातीच्या काळातलं, एकावर एक दोन पंख असायचे ते, पोरांना दाखवायला. मी चित्र बघितलं आणि खोटं नाही सांगत, जीवच जडला. लाकडाच्या पट्ट्या, कापड आणि तारा, बस्स, आणि एवढ्यावर माणूस वर जायचा, म्हणजे काय छाती असेल हो त्याची! मी तर पंख्याखाली झोपत नाही. शिवणीच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या काढल्या, गरम पाण्यात भिजवून वाकवल्या, पुढचा पंखा एकाच ठोकळ्यातून तासला. कापड आमच्या हिने शिवलं, धोतराचं, तांदळाची खळ लावून असं ताणलं की बोट मारलं तर ढोलकी वाजावी. दोन पंखांच्या मधल्या दांड्या मात्र बांबूच्या, हलक्या हव्यात ना. तो कल्याणहून आणला. विकणाऱ्याला विचारलं, बाबा रे, चांदण्यात तोडलाय की काळोखात? तो म्हणाला काका, मी ट्रकमधून उतरवून घेतो, चंद्र कुठे बघत बसू. आजूबाजूचे हसले, मीपण हसलो आणि घेऊन आलो.

विमान टांगलं, हिने नारळ फोडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी दारातच उभा. दहा फुटांचे पंख, खाली पोरांची वाचायची टेबलं. पाऊस संपता संपता एकदा असाच आलो तर पुढच्या टेबलावर पांढरी पूड. लांबूनच हात घालून चिमटीत घेतली, मऊ, पिठासारखी. तसाच मागे सरलो, पार दारापर्यंत.

मग माझं रोजचं सुरू झालं, सकाळी येऊन आधी टेबल बघायचं. रोज पूड. बाईंना सांगितलं, विमान उतरवा, त्याला भुंगा लागलाय. त्या म्हणाल्या काका, जुनी इमारत आहे, वरून काहीतरी पडतंच. घरी ही म्हणाली, भुंगा विमानाला नाही, तुमच्या डोक्याला लागलाय, जेवा आता. जेवण कुठलं जातंय! मला सारखा तो पाळणा दिसायचा.

आणि रविवारी चित्रकलेची स्पर्धा ठेवली. टेबलं हलवून खाली सतरंज्या, पोरं विमान बघून विमान काढणार, म्हणजे बरोब्बर त्याच्याच खाली. मी गयावया केली, तर बाई म्हणाल्या बघू. मग काय झालं मला कोण जाणे, मी, जो कधी त्याच्या खालून गेलो नाही, तो जाऊन मधोमध बसलो सतरंजीवर. म्हटलं पोरं बाहेर उभी करा, मी उठत नाही. डोळे घट्ट मिटलेले, रामरक्षा पण अर्धीच आठवत होती. पालक चिडले, कोण म्हातारा आहे हा. शेवटी बाई माझ्याजवळ खाली वाकल्या, म्हणाल्या काका, रडू नका, उतरवतो.

दोघे शिडीवर चढले, चौघांनी खालून विमान धरलं, आणि शिडीवरचा एक जण तार सोडायला गेला तर पुढचा हुकच त्याच्या हातात आला. अख्खा, छताच्या पोपड्यासकट! वर ओल मुरलेली, सगळं भुसभुशीत झालेलं. ती पूड छताची होती. बांबू मी तिथल्या तिथे एकेक दांडी नखाने तपासला, एक भोक नाही, ठणठणीत. म्हणजे मी समजत होतो ते सगळं चूक, आणि तरी त्या दिवशी पोरं खाली बसली असती तर... नको, बोलवत नाही मला.

आता छत नवीन केलंय, आरपार बोल्ट घातलेत, बाईंनी मला वर गच्चीवर नेऊन नट दाखवले, विमान परत टांगलं. मी अजून रोज येतो. ही म्हणते, आता कसली भीती, भुंगा नाही, ओल नाही, टेबल बघा कसं लख्ख. तेच तर सांगतो तुम्हाला. तेव्हा निदान पूड पडायची, कळायचं तरी. आता काहीच पडत नाही, तर मी बघू कशाकडे? ती बघा, शाळा सुटली, आली पोरं. बसू देत, वाचू देत, देवा महाराजा, सुखी ठेव सगळ्यांना. तुम्ही लिहा, मी जरा त्यांच्यात जाऊन बसतो.